गावी जायची गाडी, ऑफिसला जायची गाडी

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि त्यातली जवळजवळ २८ लाख एसयूव्ही किंवा त्या कुळातली होती. म्हणजे दर तीन गाड्यांमागे साधारण दोन. पंधरा वर्षांपूर्वी पुण्या-ठाण्यातल्या मध्यमवर्गीय घरात गाडी घ्यायची म्हटले की स्विफ्ट की आय-ट्वेंटी यावर वाद व्हायचा. आता क्रेटा की सेल्टॉस, आणि थोडे ताणले तर एक्सयूव्ही ७०० का नको, इथपर्यंत बोलणे जाते. हे ताणणे कशाच्या जोरावर होते ते ऐकण्यासारखे असते. गणपतीला गावी जायचे आहे. मुंबई-गोवा रस्त्याला खड्डे आहेत. घाटात गाडीने दम टाकायला नको. आई-बाबा बरोबर असतात, आणि आत्या आली की सात सीट लागतातच.

यातले एकही कारण खोटे नाही. पण सगळी कारणे एकत्र केली तरी वर्षातले पंधरा-वीस दिवस भरतात. बाकी वर्षभर तीच गाडी बहुधा एकट्या माणसाला घेऊन कोथरूडहून हिंजवडीला किंवा घोडबंदर रोडने ऐरोलीला जाते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. गाडीवर होणारा खर्च, तिच्यात निघणारे बिघाड आणि तिच्यामुळे उभा राहणारा धोका यांतला मोठा वाटा या रोजच्या रस्त्यावरचा असतो. निवड मात्र गावच्या रस्त्याकडे बघून होते. कुटुंबाची आणि रोजची गाडी एकच असू शकते, यात शंका नाही. फक्त तिची परीक्षा आधी रोजच्या रस्त्यावर घ्यायला हवी, आणि आपल्याकडे नेमका हाच क्रम उलटा लागतो.

आधी ही गाडी अशी का दिसते ते पाहू. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क कमी झाले. ती चार मीटरची रेघ आजही कायम आहे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतर चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते आणि तिच्या पुढच्या सगळ्या ४० टक्क्यांत जातात. कायदा लांबी आणि इंजिन मोजतो. रुंदी, वजन, बॉनेटची उंची यांना त्यात जागा नाही. मग लांबीत मार खाल्लेली गाडी उंचीत आणि रुंदीत वाढते. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू या गाड्या बाहेरून भरदार दिसतात, पण त्यांना चार मीटरचे माप चुकत नाही. मागची सीट आणि डिकी दोघींनी मिळून ती तूट सोसायची असते. जोडीला आणखी एक गैरसमज. एसयूव्ही म्हणजे चारही चाकांना ताकद, असे अनेकांना अजून वाटते. शहरात दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्हींची फक्त पुढची दोन चाके ओढतात, हॅचबॅकची ओढतात तशीच. कोकणातल्या पावसाळी चिखलात अशी एसयूव्ही रुतते तेव्हा तिचा उंच बांधा काही कामाला येत नाही.

आता रोजचा रस्ता. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात असे नोंदवले आहे. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. शोरूममध्ये आपण "ॲव्हरेज किती देते?" असे विचारतो आणि विक्रेता प्रमाणित आकडा सांगतो. तो आकडा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी; सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास, कमाल ९०, आणि एसी बंद. एप्रिलमधल्या दुपारी वाकड चौकात उभ्या असलेल्या गाडीचा आणि या आकड्याचा संबंध पत्रिकेतल्या गुणांचा संसाराशी असतो तेवढाच. थांब-चल वाहतुकीत वजन फार महाग पडते. दर सिग्नलला थांबलेले वजन पुन्हा हलवायला इंधन जाते आणि पुढच्या सिग्नलला तेच इंधन ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपते. स्विफ्ट टनाच्या आत आहे. स्कॉर्पिओ-एन दोन टनांच्या घरात जाते.

हिशेब अवघड नाही. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १००० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरू. जड ऑटोमॅटिक एसयूव्हीने शहरात लिटरला ९ दिले तर महिन्याला साधारण ११,६६७ रुपये लागतील. १५ देणाऱ्या गाडीला ७,००० लागतील. वर्षाचा फरक ५६ हजार. तेवढ्यात वर्षातल्या त्या पंधरा दिवसांसाठी ड्रायव्हरसकट भाड्याच्या इनोव्हाचा बराचसा खर्च भागतो. अर्थात, हा पर्याय कोणत्याही घरात तीन मिनिटांपेक्षा जास्त चर्चेला टिकत नाही, हेही तितकेच खरे.

पैशापेक्षा मोठा सापळा इंजिनाच्या निवडीत आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. मोठी गाडी म्हणजे डिझेल, हे गणित वडिलांच्या पिढीकडून आले. डिझेल स्वस्त होते, इंजिने दणकट होती, गावचा मेकॅनिकही ती उघडायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी धुराचे तापमान खूप वर जावे लागते. महामार्गावर एकसारख्या वेगात पंधरा-वीस मिनिटे गाडी चालली की हे काम आपोआप होते. नगर रोडच्या गर्दीत ते तापमान गाठलेच जात नाही. मग गाडीचा संगणक जास्तीचे डिझेल फवारून फिल्टर तापवायला लागतो, तेवढ्यात आपण ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोहोचतो आणि इंजिन बंद करतो. काम अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे फवारलेले, न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, डिपस्टिकवर त्याची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. शेवटी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो आणि सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्हाला सांगितले जाते की "साहेब, गाडी जरा हायवेला फिरवून आणा." ऐंशी हजार किलोमीटर विनातक्रार चालेल म्हणून घेतलेली गाडी रविवारी सकाळी कुत्र्यासारखी फिरवून आणावी लागते.

ज्याला आठवड्यातून दोनदा पुणे-नाशिक किंवा पुणे-कोल्हापूर करावे लागते त्याच्यासाठी डिझेल अजूनही उत्तम आहे. घाटातला त्याचा जोर आणि लांबच्या रस्त्यावरचे त्याचे मायलेज यांना तोड नाही. ज्याचे रोजचे अंतर आठ-दहा किलोमीटर आहे त्याने डिझेलचे नाव काढू नये. इतके स्पष्ट हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

गिअरबॉक्सचेही असेच. ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रे विकली जातात. एएमटी स्वस्त, पण चढावरच्या सिग्नलला गाडी मागे घसरू शकते आणि गिअर बदलताना मान हलते. ड्राय क्लचचे डीसीटी मोकळ्या रस्त्यावर मजा आणते, पण मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत त्याचे क्लच तापतात. जुन्या पद्धतीचे टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गर्दीत निवांत चालतात. चालवणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटतात, गुडघ्याला मात्र नाही. बुकिंग फॉर्मवर नुसते 'ऑटोमॅटिक' लिहून सही करू नका, यंत्राचे नाव विचारा.

शहरातल्या थांब-चल वाहतुकीवर आजचे सगळ्यात समंजस उत्तर स्ट्राँग हायब्रिड हे आहे. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस यांच्यात ते मिळते. रांगेत उभे असताना इंजिन बंद राहते, सरकताना मोटर ओढते, ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. म्हणजे साध्या गाडीला ज्या परिस्थितीत सगळ्यात जास्त इंधन लागते त्याच परिस्थितीत हिला कमी लागते. पण ग्रँड व्हिटारा-हायरायडरमध्ये बॅटरी मागे असल्याने डिकी बरीच आखूड होते, आणि गावी जाताना आंब्याची पेटी, बॅगा आणि मुलांची सायकल यांचा प्रश्न तिथे उभा राहतो. सीएनजीची टाकीही तीच जागा खाते. इलेक्ट्रिकवर जीएसटी पाच टक्के आहे, महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, रोजच्या चाळीस किलोमीटरला याहून स्वस्त काही नाही. आधी फक्त सोसायटीच्या कमिटीकडून चार्जरची परवानगी लेखी घ्या. ती मिळेल या भरवशावर गाडी बुक करणारे नंतर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडताना दिसतात.

पार्किंगची गोष्ट मापाने सांगतो. अनेक सोसायट्यांत गाडीची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. क्रेटाची रुंदी १७९० मिलिमीटर आहे, एक्सयूव्ही ७०० ची १८९०, स्कॉर्पिओ-एनची १९१७, हॅरियरची १९२२. यात आरसे धरलेले नाहीत. हॅरियर अडीच मीटरच्या जागेत बरोबर मध्ये उभी केली तर दोन्ही बाजूंना २९-२९ सेंटिमीटर उरतात. शेजारच्या जागेतही तशीच गाडी असली तर दोघांच्या मध्ये दोन फुटांहून कमी फट. एका बाजूला इमारतीचा कॉलम असेल तर तेवढेही नाही. त्या फटीत दार एक वीतभर उघडायचे, पोट आत घ्यायचे, आधी पाय काढायचा आणि मग लॅपटॉपची बॅग. हे रोज दोनदा, ऑफिसच्या तळघरात धरले तर चारदा. सत्तरीच्या वडिलांना तिथे बसवताच येत नाही; त्यांना गेटपाशी उभे करून गाडी बाहेर आणावी लागते. यांत्रिक पार्किंग असेल तर आणखी एक अडचण: अनेक ठिकाणी वरच्या पाळण्यांना उंचीची आणि वजनाची मर्यादा असते आणि एसयूव्हीसाठी ठरावीकच पाळणे असतात. गाडी बुक करण्याआधी बिल्डरचे कागद काढून ही मर्यादा वाचा. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जागा दाखवल्याशिवाय मुंबईत नवी गाडी नोंदवू नये, असा विचार जाहीरपणे मांडला होता. त्याचे पुढे काय व्हायचे ते होवो, जागेची टंचाई खोटी नाही.

तिसऱ्या रांगेविषयी थोडक्यात. बहुतेक सात सीटर एसयूव्हींमध्ये ती शाळकरी मुलांपुरती असते. तिथे जायला मधली सीट दुमडून वाकून शिरावे लागते, त्यामुळे जिच्यासाठी सात सीट घेतल्या ती आत्या तिथे कधीच बसत नाही. आणि ती रांग उभी केली की डिकीत सात माणसांचे सामान मावत नाही, मग बॅगा टपावर जातात. खरोखर वरचेवर सात माणसे फिरत असतील तर अर्टिगा किंवा इनोव्हासारखी एमपीव्ही एसयूव्हीपेक्षा सरस आहे. तिचा रुबाब कमी, आतली जागा जास्त. उंच सीट म्हाताऱ्या गुडघ्यांना सोयीची, हे खरे आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. सीट कमरेच्या उंचीवर असली तर माणूस सरकून बसतो. चेसिसवर बांधलेल्या उंच गाडीत नऊवारी नेसलेल्या आजीला आधी फुटस्टेपवर चढावे लागते, वरचे हँडल धरून अंग ओढावे लागते, आणि उतरताना जमीन दिसत नाही. आजीला शोरूममध्ये न्या. तिला दोनदा चढू द्या, दोनदा उतरू द्या.

मग येते सुरक्षितता. जवळपास प्रत्येक घरात शेवटचा कौल तिच्याच नावावर पडतो. उंच, जड, पाच तारे मिळालेली. हप्ता थोडा जास्त, पण मुले सुरक्षित. यातला ताऱ्यांचा भाग चांगला आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले आणि गिऱ्हाईक एअरबॅग मोजायला शिकले. पण तारे काय मोजतात? समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते. पुढे दोन मोठ्या माणसांचे पुतळे, मधल्या रांगेत दोन लहान मुलांचे. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. वेग ६४ वरून १२० वर गेला की धडकेतली ऊर्जा साडेतीन पट होते. त्या वेगाला कोणतेही तारे लागू नाहीत. आणि तिसऱ्या रांगेत, डिकीच्या दारापासून वीतभर अंतरावर, आपण आपली मुले बसवतो तेव्हा त्या जागेची परीक्षा या चाचणीत झालेलीच नसते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीजची एसयूव्ही होती. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे दगावले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. आपल्या बाजारात मिळणारी कुठलीही कौटुंबिक एसयूव्ही त्या गाडीपेक्षा भक्कम नसेल. तरीही आपल्या एसयूव्हीकडे बघून "मागे बेल्ट कशाला" म्हणणारे काका प्रत्येक घरात आहेत, आणि सनरूफमधून मुलाला उभे करून व्हिडिओ काढणारे बाबाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड, हे मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. तो वसूल झालेला मी तरी पाहिलेला नाही.

दुसऱ्या बाजूविषयी आपण बोलतच नाही: आपली गाडी इतरांना किती सुरक्षित आहे? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ४४ टक्क्यांहून अधिक, पायी चालणारी जवळपास पाचातली एक. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. बुटके बॉनेट पायाला लागते, उंच बॉनेट छातीला आणि मुलाच्या डोक्याला. अमेरिकेतल्या दणदणीत पिकअप आपल्याकडे नाहीत, पण आपल्या रस्त्यांवर पायी चालणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना उंच बॉनेटच्या नाकासमोर उभे असलेले चार वर्षांचे मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. उजवीकडे वळताना काचेशेजारच्या जाड खांबामागे अख्खा स्कूटरवाला लपतो. तीनशे साठ अंशांचा कॅमेरा गाडी लावताना मदत करतो, चौकात नाही. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा सीटवर बसून एकदा खाली, गाडीच्या नाकाकडे बघा. रस्ता किती अंतरावर दिसायला लागतो ते मोजा.

पावसाळ्यातला धीर हाही असाच उसना असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत माणसे बंद गाड्यांमध्ये गुदमरून मेली. पाणी भरलेल्या अंडरपासमध्ये आजही सर्वांत पुढे एसयूव्हीच घुसतात. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी इंजिनात गेले की पिस्टन अडतो आणि इंजिन आतून मोडते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते.

शेवटी कर्ज. 'थोडे ताणू' म्हणजे हप्त्यांची मुदत पाचावरून सात वर्षांवर नेऊ. १५ लाख रुपये नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३१,१४० रुपये आणि व्याज ३ लाख ६८ हजार. सात वर्षांसाठी हप्ता २४,१३५, व्याज ५ लाख २७ हजार. हप्ता सात हजारांनी उतरला म्हणून वरचे मॉडेल घेतले जाते, आणि त्यातल्या अठरा इंची चाकांचा एक टायर खड्ड्यात फाटला की त्या महिन्याची बचत तिथेच जाते.

माझे मत विचाराल तर चार-पाच माणसांच्या, शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर करणाऱ्या घराला सव्वाचार मीटरच्या आसपासची, पाच सीटची पेट्रोल हायब्रिड किंवा सीव्हीटी अथवा टॉर्क कन्व्हर्टरची पेट्रोल गाडी पुरते. घरी चार्जर बसत असेल तर इलेक्ट्रिक. सहा एअरबॅग आणि मधल्या सीटलाही तीन बिंदूंचा बेल्ट असलेले मॉडेल घ्या, पैसे कमी पडले तर सनरूफ सोडा.

आणि टेस्ट ड्राइव्ह रविवारी अकरा वाजता बाणेरच्या रुंद रस्त्यावर घेऊ नका. सोमवारी सकाळी नऊला, सगळ्या कुटुंबासह, तुमच्या नेहमीच्या रस्त्याने घ्या आणि येताना गाडी तुमच्या सोसायटीतल्या जागेत लावून, दार उघडून, वडिलांना उतरवून बघा. एखाद्या शोरूमने याला नकार दिला तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. गाडी तीच मिळते.